नातेवाइकाच्या हातानं

फुला सिस्टरचं नाक वाकडं आहे. जन्मतः नाही. ते एका पेशंटने वाकडं केलं आणि त्याच्या बदल्यात त्या पेशंटचा हात गेला, असं नाशकात द्वारका चौकाच्या आसपास अजूनही सांगतात. नाक मोडलं हे खरं, हात गेला हेही खरं. मधला ‘बदल्यात’ हा शब्द तेवढा खोटा आहे. कोर्टात मी तो साफ खोटा आहे असं म्हणेन. इथे तसं म्हणवत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी वकील. नाशिक रोडला, जेल रोडच्या बाजूला आम्ही एकाच इमारतीत राहतो. फुला भोये तळमजल्यावर आणि मी बरोबर तिच्या डोक्यावर. पहिली ओळख भांडणातून झाली. माझ्या गॅलरीतल्या कुंडीचं पाणी तिच्या वाळत घातलेल्या गणवेशावर पडलं. ती जिना चढून आली, दार वाजवलं नाही, ठोकलं. मी रोज भांडून पोट भरते, तरी त्या दिवशी मी कुंडी हलवली. काळीसावळी, ठेंगणी, हात मोठे, आवाज त्याहून मोठा. पन्नाशीला आली तरी चालणं असं, की समोरच्याने बाजूला व्हावं.

तिचा बाप सहादू पेठकडच्या डोंगरातला. उतारावर भात आणि नागली, आणि भात झोडून झाला की सगळं घर दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेत मजुरीला. तिथे एकदा सहादूच्या हातून क्रेट पडलं म्हणून मुकादमाने त्याच्या कमरेत लाथ घातली. फुला तेव्हा परकर घालायच्या वयाची होती. तिने बांधावरचा दगड उचलला आणि मुकादमाचं कपाळ फोडलं. त्या हंगामात त्यांना पुन्हा कोणी कामावर घेतलं नाही. ही पोरगी मजुरीत टिकायची नाही, हे सहादूने ओळखलं आणि तिला आश्रमशाळेत नेऊन टाकलं. तिथून ती नर्सिंगला गेली. पुढे लग्न झालं. नवऱ्याने एकदा हात उचलला. त्यानंतर त्याला दोन महिने डाव्या हाताने जेवावं लागलं, आणि मग तो नाशकात दिसला नाही. हे ती हसत सांगते.

ती द्वारकेजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात होती. नाव लिहीत नाही, लिहिलं तर मलाच नोटीस येईल. हायवेवर अपघात झाला की माणसं तिथे आणून टाकतात. रक्त, शिव्या, दारूचा वास आणि नातेवाइकांचे घोळके. कोणी उशीर झाला म्हणून काच फोडतो, कोणी बिल बघून सिस्टरच्या गळ्याला हात घालतो. नव्या पोरी रडत घरी जायच्या. फुला रडायची नाही. एका पुढाऱ्याच्या भाच्याने पल्लवी नावाच्या नव्या सिस्टरचा हात पिरगळला, तेव्हा हिने त्याला लिफ्टपासून गेटपर्यंत कॉलरला धरून नेलं होतं. हॉस्पिटलचे मालक असलेल्या डॉक्टरसाहेबांनी तिला झापलं आणि दिवाळीला साडी दिली.

त्या हॉस्पिटलात एक रीत होती, आणि सगळं रामायण तिच्यातून घडलं. पेशंट भ्रमात जाऊन हाणामारी करायला लागला, तर त्याचे हात पलंगाला बांधावे लागतात. पूर्वी ते सिस्टर बांधायच्या. मग एकाच्या जावयाने मोबाईलवर व्हिडिओ काढला, बोंब झाली. तेव्हापासून डॉक्टरसाहेबांनी फतवा काढला: आपण बांधायचं नाही. पट्टी द्यायची, बांधायचं नातेवाइकाने. त्याचा हात, त्याची जबाबदारी. सिस्टरांना हे इतक्या वेळा ऐकवलं गेलं की त्यांना तो कायदाच वाटायला लागला.

कायदा असा नाही. वॉर्डातल्या पेशंटच्या अंगाला जे टोचलं, चिकटवलं, बांधलं जातं, त्यावर लक्ष ठेवणं ही सिस्टरची जबाबदारी. मग ते मामाने बांधो की मामीने. बांधायचंच तर डॉक्टरचा लेखी आदेश हवा, पट्टी सैल हवी, आणि थोड्या थोड्या वेळाने सोडून बोटं बघायला हवीत. फुलाला हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. पण रोजची रीत आणि शिकलेलं यांच्यात भांडण लागलं, की रीत जिंकते. आमच्या कोर्टातसुद्धा तेच होतं.

तर बारकू. चांदवडकडचा, तिशीचा, कांद्याच्या खळ्यावर हमाल. ट्रकवरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं. थोरला भाऊ दत्तू त्याच खळ्यावर गोण्यांची तोंडं बांधायच्या कामाला. दत्तूने त्याला गाडीत घालून आणलं, आई रंगूबाई पायाशी बसून आली. बारकू रोज पिणारा. हे दत्तूने डॉक्टरांना सांगितलं नाही, कारण आई समोर होती आणि आईला ते माहीत नाही, असा दोघा भावांचा समज होता. रंगूबाईला सगळं माहीत होतं. तिनेही सांगितलं नाही.

दारू एकदम सुटली की अशा माणसाला दोन-तीन दिवसांत भ्रम होतो. बारकूला तिसऱ्या दिवशी सकाळी झाला, न्याहारीच्या वेळी. भिंतीवरून किडे उतरताना दिसायला लागले. त्याने हातातली सलाईनची नळी उपटली, रक्ताची चिळकांडी शेजारच्या म्हाताऱ्याच्या चहात पडली. मोडलेल्या पायाने उठायला लागला. फुला धावली आणि त्याचे खांदे दाबले. त्याने सलाईनचा लोखंडी स्टँड ओढून घेतला आणि सगळ्या ताकदीने तिच्या तोंडावर हाणला.

हाड मोडल्याचा आवाज पलीकडच्या वॉर्डात ऐकू गेला म्हणतात. ती खाली पडली, तर दुसरा घाव खांद्यावर बसला. तोंडात रक्त, डोळ्यांत रक्त. तरी तिने खालून स्टँडचा पाय धरून ठेवला, नाहीतर तिसरा घाव म्हाताऱ्याच्या डोक्यात जात होता. दोन वॉर्डबॉय आणि दत्तू यांनी मिळून बारकूला आडवं केलं. तो दत्तूच्या दंडाला कडकडून चावला. फोनवर डॉक्टरसाहेब म्हणाले, “इंजेक्शन द्या आणि नातेवाइकाकडून बांधून घ्या.” फुलाने एका हाताने नाक दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने पट्टीची गुंडाळी दत्तूकडे फेकली.

“बांध तुझ्या भावाला!” ती ओरडली. “घट्ट बांध!”

दत्तूने बांधलं. आयुष्यभर तो एकच गाठ मारत आला होता, तीच मारली. गोणीच्या तोंडाला मारतात ती: भार पडेल तशी आवळत जाणारी, एकदा बसली की न सुटणारी, व्यापाऱ्याकडे गेल्यावर विळ्यानेच कापायची. डाव्या हाताला सलाईन लावायचं होतं म्हणून तो वॉर्डबॉयने धरला आणि नंतर फळीला चिकटवला. उजवा दत्तूने बांधला. बारकू शुद्ध हरपेपर्यंत तो हात ओढत होता.

मग रंगूबाईने पुढचं केलं. भेटायला गावची माणसं येणार होती. मुलाला गुराप्रमाणे बांधलेलं कोणी बघू नये, म्हणून तिने आपली जुनी चादर त्या हातावर पांघरली आणि कडा गादीखाली नीट खोचल्या. त्यात तिचं काय चुकलं? कुठल्याही आईने झाकलं असतं.

फुलाच्या नाकाला टाके पडले. घरी जा असं कोणी म्हणालं नाही, कारण त्या दिवशी वॉर्डात दुसरी सिस्टर नव्हती. संध्याकाळी पल्लवी येईपर्यंत ती एकटी राबली. सुजल्या डोळ्यांनी, तोंडाने श्वास घेत. बारकूला वेळेवर इंजेक्शन दिलं, सलाईन बदललं, लघवीची पिशवी रिकामी केली. सगळं डाव्या बाजूने. चादर तिने उचलली नाही.

संध्याकाळी पल्लवीने उचलली. हात कोपरापासून सुजलेला, मनगटाखाली काळानिळा, बोटं बर्फाइतकी गार. तिने कात्रीने पट्टी कापली तेव्हा मनगटात बोटभर खोल खाच होती. बारकूला मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी प्रयत्न केले, आणि मग मनगटाच्या वर हात कापला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन पिकअप भरून माणसं आली. बातमी चांदवडला पोचेपर्यंत ‘सिस्टरने चुकीची सुई दिली, हात जळाला’ अशी झाली होती. सुई टोचताना सगळ्यांनी पाहिली होती, आणि आपल्याकडे दवाखान्यात काहीही बिघडलं की पहिला संशय सुईवरच जातो. त्यांनी आधी काउंटरची काच फोडली. मग औषधांची कपाटं पाडली. वॉर्डबॉयला पायऱ्यांवरून खाली ढकललं, त्याच्या बरगड्या मोडल्या. डॉक्टरसाहेब केबिनला आतून कडी लावून बसले आणि मग मागच्या जिन्याने गेले. फुला औषधांच्या खोलीत होती. तिला केसांना धरून बाहेर ओढलं. टाके घातलेल्या नाकावर कोणीतरी चप्पल मारली, टाके उसवले.

तिनेही सोडलं नाही, हे मी अभिमानाने सांगते. एकाच्या कानाचा लचका तिच्या दातांत आला. दुसऱ्याच्या जांघेत तिने असा गुडघा घातला, की तो भिंतीशी बसून राहिला. पण माणसं किती! त्यांनी तिला फरशीवर पालथं पाडलं आणि एकजण पाठीवर बसला. समोर दत्तू आला, हातात तोच लोखंडी स्टँड.

“माझ्या भावाचा हात घेतला ना तू?” तो रडत होता आणि ओरडत होता. “दे! तुझाबी दे!”

त्याने तिचा उजवा हात फरशीवर पायाने दाबून धरला आणि स्टँड मारला. पुन्हा मारला. पोलीस आले तेव्हा तो मारतच होता.

यातून दोन केसेस उभ्या राहिल्या. एक दत्तू आणि मंडळींवर, दवाखान्यावर हल्ल्याची. त्याला स्वतंत्र कायदा आहे. दुसरी फुलावर, निष्काळजीपणाने हात घालवल्याची. शिवाय नर्सिंग कौन्सिलकडे तक्रार गेली: हिची नोंदणी रद्द करा. आमच्याकडे लोकांना सातबारा असतो, फुलाकडे नोंदणी होती. ती गेली की ती नर्स नाही, आणि नर्स नाही तर दुसरं काही ती कधी नव्हतीच.

हॉस्पिटलने हात झटकले. डॉक्टरसाहेब म्हणाले, “मी इंजेक्शन सांगितलं, बांधायला कोणी सांगितलं मला कल्पना नाही.” फोनवरचं बोलणं, साक्ष कोणाची? ज्या रीतीने सिस्टरांना वाचवायचं म्हणे, त्या रीतीने फक्त एकच माणूस वाचला. मला एवढा संताप आला, की मी फुलाकडून फी घ्यायची नाही असं तिथेच ठरवलं. तो संताप अजून उतरलेला नाही.

तिचा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा मी तिच्याकडे बसून सगळं विचारून घेतलं. ती पेटलेलीच होती. “त्या दत्तूला आत घाला. त्यानेच बांधलं, त्यानेच मला मारलं. सडू दे त्याला!” ती थुंकत बोलायची, कारण नाकातून श्वास नीट येत नव्हता.

“इंजेक्शन बरोबर होतं?”

“शंभर टक्के.”

“दिवसभरात तुम्ही चादर उचलली होती?”

तिचा आवाज एकदम खाली आला. फुला सिस्टरला इतकं हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

“नाही,” ती म्हणाली.

“का? कामाच्या गडबडीत राहून गेलं?”

“गडबड होती. पण राहून गेलं नाही.” ती प्लास्टरकडे बघत होती. “मला माहीत होतं बघायला पाहिजे. जवळ गेले की नाक ठणकायचं. मनात यायचं, मर मेल्या, पड तसाच. एकदा चादरीला हातसुद्धा लावला होता, वकीलबाई. आणि मागे घेतला.”

मी उठून दार लावून घेतलं. “हे या खोलीतून बाहेर जाता कामा नये,” मी तिला बजावलं. “तक्रार सुईची आहे. सुई बरोबर होती. हात गाठीमुळे गेला आणि गाठ दत्तूची. एवढं सिद्ध झालं की तुम्ही सुटलात. तुम्हाला विचारलंच, तर नाकाला लागल्यामुळे भोवळ होती म्हणायचं. ते खोटंही नाही.”

तिने मान हलवली. मला वाटलं, पटलं.

कौन्सिलची चौकशी वर्षभराने नाशकातच झाली, एका सरकारी इमारतीच्या वरच्या मजल्यावर. समितीत दोन डॉक्टर आणि एक निवृत्त मेट्रन. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो तेव्हा जिन्यावरून ती तिघं आली. पुढे दत्तू, जामिनावर सुटलेला. मागे रंगूबाई. मधे कुबडीवर बारकू. पांढरा शर्ट, उजवी बाही मनगटाशी पिन लावून दुमडलेली. फुलाने मूठ आवळली. त्या बोटांची मूठ आता पुरती होत नाही.

बारकू तिच्यासमोर थांबला. दारू सुटलेली, चेहरा पोरासारखा झालेला. त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं.

“सिस्टर, तुमच्या नाकाला काय झालं वो?”

मला आधी वाटलं, हा टिंगल करतोय. मग दत्तूची मान खाली गेलेली दिसली आणि समजलं. त्या सकाळचं बारकूला काही आठवत नव्हतं, आणि घरात कोणी त्याला सांगितलंही नव्हतं.

“लय लागलेलं दिसतंय,” तो म्हणाला. “कुणी मारलं का?”

वर्षभर ज्याला ती मनात रोज मारत होती, तो माणूस हा नव्हताच. “लागलं,” ती एवढंच म्हणाली आणि तोंड फिरवलं.

आत दत्तू ठाम होता. “व्हय, बांधलं म्या. कशाला नाय म्हणू? पण माझ्या भावाला लागंल असं मी बांधीन का? सुई चुकली हिची. सुईनंच हात काळा पडला.”

माझ्या बॅगेत पट्टीची गुंडाळी होती. याच क्षणासाठी आणली होती. मी समितीच्या अध्यक्षांची परवानगी घेतली आणि ती त्याच्यापुढे ठेवली. “कसं बांधलं होतं ते दाखवा. या खुर्चीच्या हाताला बांधा.”

“खुर्चीला कशाला,” फुला म्हणाली. ती उठली आणि तिने टेबलावर आपला उजवा हात ठेवला. त्यानेच मोडलेला; वाकड्या जुळलेल्या बोटांचा. “याला बांध.”

हे आमचं ठरलेलं नव्हतं. दत्तू त्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने पट्टी दुहेरी केली. त्याची बोटं कामाला लागली, त्याचं लक्षही नव्हतं इतक्या सफाईने. फेरा, खालून वर, आतून बाहेर, झटका. दुसरं टोक टेबलाच्या पायाला.

फुलाने हात ओढला. सगळ्या अंगाचा भार देऊन ओढला, बारकूने ओढला असेल तसा. पट्टी मांसात शिरली. ती ओढतच राहिली. बोटं लाल झाली, मग जांभळी, नखं निळी. तिच्या वाकड्या नाकावर घाम आला, पण तिने आवाज काढला नाही. मेट्रनबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

“सोडा! सोडा आता!”

दत्तू गाठीवर वाकला. सुटेना. नखं घातली, दात लावले. सुटेना. “ही सुटत नसती,” तो पुटपुटला. “ही कापाया लागती. इळा लागतो हिला...” आणि तो बोलता बोलता थांबला. त्याने फुलाच्या काळ्या पडत चाललेल्या बोटांकडे पाहिलं. मग भावाच्या दुमडलेल्या बाहीकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडं राहिलं. रंगूबाईने पदर तोंडात कोंबला.

एका डॉक्टरने कात्रीने पट्टी कापली. मी जिंकले होते. इतकं स्वच्छ जिंकणं वकिलाच्या नशिबी क्वचित येतं. मी कागद आवरायला घेतले.

“मला बोलायचंय,” फुला म्हणाली.

मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय मारला. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी पाय मागे घेतला.

“गाठ त्याची,” ती म्हणाली. आवाज चढलेला, भांडायला उभी असावी तसा. “पण पट्टी मी दिली. घट्ट बांध मीच ओरडले. आणि दिवसभर चादर उचलून बघायचं काम माझं होतं, त्याचं नव्हतं. तो गोण्या बांधणारा माणूस, त्याला काय माहीत? मला माहीत होतं. मी बघितलं असतं तर हात वाचला असता. मी रागाने बघितलं नाही. लिहून घ्या.”

बारकू तिच्याकडे बघत होता. “राग कशाचा, सिस्टर?”

“तू नाक मोडलंस माझं,” ती म्हणाली. “तुला शुद्ध नव्हती. मला होती.”

निकाल नंतर आला, तो इथेच सांगून टाकते. सुई निर्दोष. देखरेखीत कसूर सिद्ध. नोंदणी काही काळासाठी निलंबित. पोलिसांची केस चालूच आहे आणि तिथे तिचे हेच शब्द तिच्याविरुद्ध येणार आहेत. डॉक्टरसाहेबांचं हॉस्पिटल नव्या काचा लावून सुरू आहे. मी त्या दिवशी तिच्यावर इतकी भडकले होते, की जिन्यात तिला नाही नाही ते बोलले. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात, माझी मेहनत मातीत घातलीत, आता धुणीभांडी करा. ती दुखरं मनगट चोळत ऐकत होती.

तेवढ्यात खालच्या वळणावर काच फुटली.

दत्तू जिन्याच्या खिडकीसमोर उभा होता. त्याने उजव्या हाताची मूठ काचेतून आरपार घातली होती. ती बाहेर काढली आणि पुन्हा घातली, उरलेल्या धारदार तुकड्यांवर. तोंडातून शब्द नाही, फक्त जनावरासारखा हुंकार. मनगटातून रक्त उसळत होतं, भिंतीवर, त्याच्या शर्टावर. बारकू वरच्या पायरीवरून ओरडत होता, त्याला कुबडीवर भरभर उतरता येत नव्हतं. रंगूबाई जिन्यातच खाली बसली. माणसं जमली आणि जमलेली माणसं करतात तेच करत होती, बघत होती.

फुला माझ्या शेजारून सुटली. दोन पायऱ्या एकदम उतरत तिने दत्तूला मागून कवेत धरलं आणि खेचलं. त्याने कोपर मारलं, ते तिच्या नाकावरच बसलं. नाकातून रक्त आलं तरी तिने सोडलं नाही. त्याला पाडलं, छातीवर गुडघा ठेवला, त्याचा हात उंच धरला आणि अंगावरची ओढणी ओढून काढली.

“वकीलबाई, इथे दाबा! जोरात! बघत काय बसलात?”

मी दाबलं. गरम रक्त माझ्या बोटांमधून येत होतं. तिने ओढणीची घडी केली, जखमेवर ठेवली, वरून फेरे घेतले. तिच्या वाकड्या बोटांना गाठ जमत नव्हती, ती तिने दातांनी ओढली. त्याची पाचही बोटं उघडी ठेवली. मग एकेक नख दाबून बघायला लागली. दाबलं की पांढरं, सोडलं की गुलाबी. पुन्हा दाबलं. ओढणी थोडी सैल केली. पुन्हा दाबलं.

“सोड मला,” दत्तू रडत होता. “जाऊ दे ह्यो हात. जाऊ दे.”

“गप पड,” ती म्हणाली. “एक गेला तेवढा बास.”

रंगूबाई बसल्या जागेवरून सरकत आली होती. जमलेल्या लोकांकडे बघून तिने घाईघाईने पदर सोडला आणि लेकाच्या रक्ताळलेल्या हातावर पांघरायला लागली.

फुलाने तिचा हात धरला.

“झाकू नका, आई,” ती म्हणाली. “मला दिसू दे.”